रक्ताभिसरणाचा शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदय आणि रक्ताच्या इतिहासावर मी अधूनमधून बोलतो, आणि दरवेळी नंतर तेच प्रश्न येतात. शाळेतल्या मुलांचे, वैद्यकीयच्या पहिल्या वर्षातल्यांचे, कधी त्यांच्या आजोबांचेही. एकेकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा सगळे इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे.

१. रक्ताभिसरणाचा शोध कोणी लावला? परीक्षेत काय लिहू?

विल्यम हार्वी, १६२८. एवढं लिही, गुण मिळतील.

परीक्षा झाल्यावर वाचायला थोडं जास्त: हार्वीचा जन्म १५७८ चा, इंग्लंडमधल्या फोकस्टनचा. इटलीत पाडुआ विद्यापीठात शिकून १६०२ मध्ये तो डॉक्टर झाला. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्याने काम केलं आणि पुढे पहिला जेम्स व पहिला चार्ल्स या दोन राजांचा तो वैद्य होता. त्याचं लॅटिन पुस्तक जेमतेम ७२ पानांचं. फ्रँकफुर्टला छापलेलं, हलक्या कागदावर आणि मुद्रणदोषांनी भरलेलं. त्यात त्याचं म्हणणं असं: हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं, ते धमन्यांतून अंगभर जातं आणि शिरांतून पुन्हा हृदयाकडेच येतं. तेच रक्त, फिरून फिरून.

यातले बरेचसे तुकडे त्याच्याआधीच लोकांच्या हाती होते (प्र. ५, ६ आणि ९). हार्वीने ते जोडले, आणि जोडण्यासाठी हिशोब मांडला (प्र. ८).

२. त्याआधी लोकांना काय वाटायचं? रक्त जागेवरच असतं असं?

नाही, रक्त हलतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते परत येतं हे ठाऊक नव्हतं.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या गेलन या ग्रीक वैद्याची मांडणी अशी होती: आपण खातो त्या अन्नाचा रस आतड्यांतून यकृतात जातो आणि यकृत त्याचं रक्त बनवतं. ते शिरांतून अंगभर पसरतं आणि जिथे पोचेल तिथे मांसात जिरून जातं. थोडं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि मधल्या जाड भिंतीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांतून डावीकडे झिरपतं. तिथे फुफ्फुसातून आलेल्या हवेशी मिळून त्यात ‘प्राण’ येतो आणि ते धमन्यांतून निघतं.

प्लेटो आणि गेलन या दोघांनीही शिरांना बागेतल्या पाटांची उपमा दिली आहे. ज्याने कधी शेतात दारं धरली आहेत त्याला ही कल्पना लगेच कळेल. विहिरीतून पाणी निघतं, पाटाने वाफ्यात जातं, मुरतं. वाफ्यातून ते परत विहिरीत यायचा प्रश्नच नाही. रोज नवं पाणी, रोज नवं रक्त. ही उपमा इतकी पटण्यासारखी आहे की हजारो मैलांवर सुश्रुतसंहितेतही ती भेटते (प्र. १०).

३. गेलन इतका चुकला होता, तर ते १४०० वर्षं कुणालाच कसं कळलं नाही?

या प्रश्नात गेलनवर थोडा अन्याय आहे. तो पर्गामम गावी ग्लॅडिएटरांचा वैद्य होता, उघड्या जखमांतून त्याने माणसाचं शरीर पाहिलं होतं. डुकराच्या गळ्याजवळचा एक मज्जातंतू आवळला की त्याचं किंचाळणं बंद पडतं, हे त्याने लोकांसमोर करून दाखवलं. प्रयोग करणारा माणूस होता तो.

पण रोमन जगात माणसाचं प्रेत फाडायची सोय नव्हती. त्यामुळे माकडं, डुकरं, बैल यांच्यात जे दिसलं ते त्याने माणसाला लावलं. दुसरं म्हणजे त्याची मांडणी सगळ्याला उत्तर देत होती: जेवण, श्वास, नाडी, ताप, रक्त काढून बरं वाटणं, सगळं एकाच चौकटीत. अशी चौकट एखाद्या छिद्रापायी कोणी टाकून देत नाही.

तिसरं कारण वर्गातलं. युरोपात चौदाव्या शतकापासून शवविच्छेदन शिकवणं सुरू झालं खरं, पण प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचायचे, खाली न्हावी कापायचा, आणि मुलांना पुस्तकात असेल तेच दिसायचं.

४. धमन्यांमध्ये हवा असते असं खरंच मानायचे का?

हो, पण गेलन नव्हे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात इरॅसिस्ट्रॅटस होऊन गेला, हे मत त्याचं. इंग्रजीत धमनीला ‘आर्टरी’ म्हणतात, त्यामागचा ग्रीक शब्द ‘आर्टेरिया’ श्वासनलिकेलाही वापरत.

हा वेडेपणा नव्हता. मेल्यानंतर रक्त बरंचसं शिरांत साठतं आणि धमन्या रिकाम्या मिळतात. प्रेत उघडणाऱ्याला रिकामी नळी दिसली, तर त्यात हवा होती असंच तो म्हणणार. गेलनने जिवंत जनावराची धमनी दोन ठिकाणी बांधली आणि मधे चिरली. आत रक्तच निघालं. वाद मिटला.

५. खरा शोध इब्न अल-नफीसचा ना? युरोपियनांनी त्याचं श्रेय लाटलं असं वाचलं.

अर्धं बरोबर आहे. इब्न अल-नफीस दमास्कसकडचा, कैरोत वैद्यकी करणारा, मृत्यू १२८८ चा. १२४२ मध्ये त्याने इब्न सीनाच्या ग्रंथातल्या शरीररचनेवर भाष्य लिहिलं. त्यात तो स्वच्छ म्हणतो की हृदयाची मधली भिंत भरीव आहे, तिच्यात दिसणारी किंवा न दिसणारी कसलीच छिद्रं नाहीत. तेव्हा उजवीकडचं रक्त फुफ्फुसात जाऊनच डावीकडे येत असलं पाहिजे. गेलनच्या भिंतीला पहिला सुरुंग त्याचा, हार्वीच्या जवळजवळ चारशे वर्षं आधी.

पण हे झालं हृदय-फुफ्फुस-हृदय एवढं छोटं चक्र. बाकीच्या अंगातून रक्त हृदयाकडे परत येतं असं त्याने म्हटलेलं नाही. श्रेय लाटण्याबद्दल म्हणाल, तर हा मजकूर आधुनिक जगापुढे आला तो १९२४ मध्ये, बर्लिनच्या ग्रंथालयातलं हस्तलिखित एका इजिप्शियन डॉक्टरने वाचलं तेव्हा. छोट्या चक्राचा पहिला मान त्याचा, मोठ्या चक्राचा हार्वीचा. यात दोघांपैकी कोणीच लहान होत नाही.

६. सर्व्हेटस नावाच्या डॉक्टरला रक्ताभिसरण सांगितलं म्हणून जाळलं का?

जाळलं हे खरं, २७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हात. पण रक्तासाठी नाही. मायकेल सर्व्हेटसने ख्रिस्ती त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांत नाकारला होता, गुन्हा तो. फुफ्फुसातून रक्त जातं ही गोष्ट त्याच धर्मग्रंथात ओघाने आली आहे, कारण त्याला शरीरात आत्मा कसा शिरतो ते सांगायचं होतं. पुस्तकाच्या प्रतीही जाळल्या गेल्या, तीनच उरल्या. त्यामुळे त्याचं वाचून कोणी पुढे गेलं असण्याचा संभव कमीच. सहा वर्षांनी, १५५९ मध्ये, पाडुआत शिकवून गेलेल्या रिआल्डो कोलंबोने तेच चक्र शरीरशास्त्राच्या पुस्तकात छापलं. हार्वीने कोलंबोचा उल्लेख केला आहे.

‘विज्ञानाचा हुतात्मा’ म्हणून सर्व्हेटसचे संदेश दरवर्षी फिरतात. तो हुतात्मा होता, पण श्रद्धेचा.

७. व्हेसेलियसचा यात काय संबंध?

पाडुआतला शरीरशास्त्राचा प्राध्यापक अँड्रियास व्हेसेलियस आसनावरून खाली उतरला आणि सुरी स्वतःच्या हातात घेतली. १५४३ मध्ये बाझलला छापलेल्या त्याच्या चित्रमय ग्रंथात गेलनच्या कितीतरी चुका दुरुस्त झाल्या. गेलनने माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा सांगितला होता, तो एकाच हाडाचा निघाला.

हृदयाच्या भिंतीपाशी मात्र व्हेसेलियस अडखळला. पहिल्या आवृत्तीत, न दिसणाऱ्या वाटांनी रक्त झिरपवणाऱ्या निर्मात्याचं तो आश्चर्य करतो. १५५५ च्या आवृत्तीत मात्र ते कसं शक्य आहे हेच समजत नाही असं म्हणतो. बारा वर्षं लागली. मला स्वतःला या दोन आवृत्त्यांमधलं अंतर त्याच्या सगळ्या चित्रांपेक्षा जास्त आवडतं.

८. हार्वीने नेमका कोणता हिशोब केला?

वाण्याच्या दुकानातला. गुणाकार.

डाव्या निलयात (हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात) दोन औंस रक्त मावतं असं त्याने एका प्रेतात पाहिलं होतं. प्रत्येक ठोक्याला त्यातलं किती बाहेर पडतं? त्याने मुद्दाम कंजूषपणा केला: समजा चौथा हिस्सा, म्हणजे अर्धा औंस. नाही तर आणखी कमी धरा. अर्ध्या तासात हृदय हजारावर ठोके देतं. हजार गुणिले अर्धा, म्हणजे ५०० औंस. आजच्या मापात सुमारे १५ किलो, आणि तेही फक्त अर्ध्या तासात.

आता इतकं रक्त यकृताने रोज जेवणातून बनवायचं? तेवढं तर माणूस दिवसभरात खातही नाही. शिवाय अख्ख्या शरीरात एवढं रक्त नसतंच. खाटीक जनावराचा गळा कापतो तेव्हा पाव तासाच्या आत सगळं रक्त निघून जातं, याची आठवण हार्वी करून देतो. तेव्हा एकच वाट उरते: बाहेर गेलेलंच रक्त परत आलं पाहिजे.

आज आपण जाणतो की ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं, मिनिटाला सुमारे पाच लिटर, म्हणजे अर्ध्या तासात १५० लिटर. हार्वीचा आकडा दहापट कमी होता. तरी निष्कर्ष हलला नाही, कारण त्याने चूक स्वतःच्या विरुद्ध बाजूलाच होऊ दिली होती.

९. झडपांचा प्रयोग घरी करून बघता येईल का?

येईल, आणि बघाच. हात मिनिटभर खाली लोंबू द्या म्हणजे मनगटामागच्या, हाताच्या पाठीवरच्या शिरा फुगतील. बारीक, उतारवयाच्या हातावर जास्त चांगलं दिसतं, तेव्हा आजीला बसवा. एक लांबशी सरळ शिर निवडा. बोटांकडच्या टोकाला एका बोटाने ती दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त पुढे सारत न्या आणि ते दुसरं बोट उचला. शिर सपाट राहते. वरचं रक्त थोडं मागे येतं आणि एका बारीकशा गाठीपाशी अडतं. ती गाठ म्हणजे झडप. आता खालचं बोट उचला. शिर बोटांकडून क्षणात भरते.

या झडपांचं वर्णन हार्वीच्या गुरूने, पाडुआच्या फॅब्रिशियसने, १६०३ मध्ये छापलं होतं. त्याला वाटलं, रक्त एकदम हातापायांत उतरून साठू नये म्हणून हे बांध आहेत. पुन्हा पाटाचाच विचार. हार्वीने पाहिलं की बांध नेहमी एकाच दिशेने उघडतात, हृदयाकडे. हा विचार कशावरून सुचला असं रॉबर्ट बॉइलने त्याला म्हातारपणी विचारलं, तेव्हा त्याने याच झडपांचं नाव घेतलं.

दुसरा प्रयोग तुमच्यावर दर रक्ततपासणीला होतो. दंडाला रबरी पट्टा बांधला की शिरा पट्ट्याच्या खाली फुगतात, वर नाही. म्हणजे धमनीतून रक्त हातात आलं, शिरेतून वर निघालं, आणि पट्ट्याशी अडलं. पट्टा आणखी करकचून आवळला तर धमनीही बंद होते, हात गार पडतो, नाडी लागत नाही. हार्वीने हा घट्ट आणि मध्यम बांधण्यातला फरक पानंच्या पानं समजावला आहे. उपचार म्हणून शीर तोडून रक्त काढणारे न्हावी पिढ्यान्पिढ्या कोपराच्या वर पट्टी बांधून खालून रक्त काढत आले होते. ते खालून का येतं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

१०. आपल्या सुश्रुत-चरकांना हे आधीच माहीत नव्हतं का?

सर्वांत जास्त येणारा आणि सर्वांत तापलेला प्रश्न. ग्रंथात काय आहे ते आधी बघू.

सुश्रुतसंहितेत प्रेताचा अभ्यास कसा करावा ते सांगितलं आहे. अंग पूर्ण असलेलं, विषाने न मेलेलं, फार जुन्या आजाराचं नसलेलं प्रेत घ्यावं. ते गवत-वल्कलांत गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या नदीत कुजू द्यावं. सात रात्रींनंतर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर पाहावा. स्वतः पाहा, असं सांगणारा हा ग्रंथ आहे, याचा अभिमान जरूर वाटावा. पण या पद्धतीत त्वचा, स्नायू, हाडं छान कळतात, नाजूक वाहिन्या मात्र कुजून जातात.

रक्ताबद्दल म्हणाल तर: सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थान या भागात ७०० सिरा (शिरा) नाभीतून निघतात आणि पाटांनी जसं शेत भिजावं तसं शरीर भिजवतात असं म्हटलं आहे. सूत्रस्थान या भागात रस (पचलेल्या अन्नाचा) हृदयातून २४ धमन्यांत शिरून शरीराला तृप्त करतो असं येतं. भेलसंहिता या आयुर्वेदाच्या दुसऱ्या जुन्या ग्रंथात तर हृदयातून रस निघतो आणि सिरांवाटे हृदयाकडे येतो अशा अर्थाचा श्लोक आहे. तो खरोखर थांबून वाचण्यासारखा आहे. पण त्यावर पुढे कोणी प्रयोग, मोजमाप, वाद असं काही उभं केलं नाही. ‘परत येतो’ हे सुचणं एक, आणि परत आल्याशिवाय गत्यंतर नाही असं सिद्ध करणं दुसरं. इब्न अल-नफीसला लावलेलीच फूटपट्टी इथेही लावली आहे (प्र. ५).

११. आमच्या पुस्तकात रोहिणी आणि नीला होतं, मुलीच्या पुस्तकात धमनी आणि शिरा आहे. फरक काय?

अर्थात फरक नाही. रोहिणी म्हणजे धमनी, नीला म्हणजे शिर. गंमत शब्दांच्या मुळात आहे. सुश्रुताने सिरांचे चार गट केले, प्रत्येकी १७५: वाताच्या अरुण, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी आणि रक्ताच्या रोहिणी. म्हणजे मूळ अर्थाने नीला पित्त वाहते आणि रोहिणी ही सिराच आहे. जुने शब्द नव्या कल्पनेला चढवले गेले. यात गैर काही नाही, पण ‘रोहिणी-नीला सुश्रुतात आहेत, म्हणजे अभिसरणही आहे’ असा उलटा युक्तिवाद करू नये.

जाता जाता: नीलेतलं रक्त निळं नसतं. गडद लाल असतं, त्वचेतून निळसर भासतं.

१२. धमनीतून शिरेत रक्त जातं कुठून, हे हार्वीला दिसलं होतं का?

नाही, आणि त्याच्या मांडणीतली ही मोठी फट होती. कुठेतरी बारीक वाटा असल्याच पाहिजेत एवढंच तो म्हणू शकला. त्याचे विरोधक हसून म्हणू शकत होते की गेलनची न दिसणारी छिद्रं काढून याने स्वतःची न दिसणारी छिद्रं आणली.

हार्वी १६५७ मध्ये वारला. १६६१ मध्ये बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्यांचं, म्हणजे धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या केसासारख्या बारीक नळ्यांचं, जाळं पाहिलं. चार वर्षांनी चुकामूक झाली.

१३. मग लोकांनी लगेच मान्य केलं का?

छे. पुस्तक आल्यावर हार्वीचे रुग्ण कमी झाले आणि लोक त्याला चक्रम म्हणू लागले, असं त्याच्या ओळखीच्या जॉन ऑब्रीने लिहून ठेवलं आहे. पॅरिसचा प्राध्यापक रिओलाँ शेवटपर्यंत विरोधात राहिला. हार्वीने त्याला उत्तर दिलं ते १६४९ मध्ये, तब्बल एकवीस वर्षांनी. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३७ मध्ये अभिसरण स्वीकारलं, पण हृदय आकुंचनाने नव्हे तर उष्णतेने रक्त उसळवतं असं म्हणत.

१४. रक्त फिरतं हे कळल्यावर रक्त काढायचे उपचार बंद झाले असतील ना?

नाही झाले, आणि खुद्द हार्वीही ते करत होता. तर्काने पाहिलं तर रक्त एकाच फेरीत सगळीकडे जातं, तेव्हा अमुक दुखण्याला अमुकच हाताची शीर तोडा या नियमाला अर्थ उरत नाही. पण उपचार सिद्धांतापेक्षा सवयीवर जास्त चालतात. जळवा, तुंबड्या, शीर तोडणं पुढे दोनशे वर्षं चाललं. १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या शेवटच्या आजारातही त्याचं भरपूर रक्त काढलं होतं.

१५. रक्त चढवणं तेव्हापासून सुरू झालं का?

प्रयत्न झाले. इंग्लंडमध्ये रिचर्ड लोअर या डॉक्टरने कुत्र्यांवर केले आणि १६६७ मध्ये पॅरिसला डेनिस या डॉक्टरने एका पंधरा वर्षांच्या मुलाला कोकराचं रक्त दिलं. मुलगा वाचला, ते रक्त थोडं होतं म्हणून. पुढे दुसरा एक रुग्ण दगावला, खटला झाला आणि फ्रान्समध्ये बंदी आली. सुरक्षितपणे रक्त देता येऊ लागलं ते लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगट मांडल्यानंतर.

१६. धमनीत शुद्ध रक्त असतं, मग फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत अशुद्ध कसं?

कारण व्याख्या रक्ताच्या रंगावरून नाही, दिशेवरून आहे. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिर. फुफ्फुसधमनी हृदयापासून निघते, म्हणून धमनी, जरी तिच्यात कमी ऑक्सिजनचं रक्त असलं तरी. जुने शरीरशास्त्री याच गोंधळापायी तिला ‘धमनीसारखी शिर’ म्हणत. ‘अशुद्ध’ हा शब्द तसाही टाळावा. त्या रक्तात घाण काही नसते.

१७. आमच्या बाळाच्या हृदयात छिद्र आहे असं सांगितलं. मग गेलन बरोबरच होता का?

बाळाचं आधी: छिद्रांचे प्रकार वेगवेगळे असतात, काही आपोआप बुजतात, काहींना उपचार लागतात. ते तुमचे हृदयतज्ज्ञच सांगतील.

इतिहासाचं असं की गेलनची छिद्रं खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत, प्रत्येक निरोगी माणसात असायला हवी होती. तशी ती नसतात. वरच्या दोन कप्प्यांमध्ये मात्र पोटातल्या प्रत्येक बाळाला एक वाट असते, कारण त्याची फुफ्फुसं अजून श्वास घेत नसतात. जन्मानंतर ती मिटते. साधारण चारातल्या एका प्रौढात ती पूर्ण मिटलेली नसते आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. ही वाट आणि तिचं मिटणं गेलनला चांगलं ठाऊक होतं.

१८. सगळ्या शिरा हृदयाकडे जातात ना? मग आतड्यांकडून यकृताकडे जाणारी शिर कोणती?

यकृत प्रतिहारी शिर, प्र. १६ मधल्या व्याख्येला अपवाद. ती केशवाहिन्यांतून निघते आणि हृदयाकडे न जाता यकृतात पुन्हा केशवाहिन्यांत फुटते. पचलेलं अन्न अंगभर जाण्याआधी यकृताच्या हातून जावं, अशी ही सोय आहे.

गेलनने कापलेल्या प्रत्येक जनावरात त्याला हेच दिसलं असणार: आतड्यांवरच्या सगळ्या शिरा एकत्र येऊन यकृतात शिरतात. त्यावरून यकृत अन्नाचं रक्त करतं असं त्याला वाटलं, यात नवल ते काय. मोठ्या माणसाचं यकृत रक्त बनवत नाही. पोटातल्या बाळाचं मात्र मधले काही महिने खरोखरच रक्तपेशी बनवतं, नंतर ते काम हाडांतल्या मगजाकडे जातं.